लाल दोऱ्याची पुडी

परवा नातीनं डब्यातलं काहीतरी डोक्याला फासलं आणि आरशासमोर रडत बसली. केस पार वांग्याच्या रंगाचे! मला हसू आवरेना. "आज्जी, हसतेस काय?" म्हणून माझ्यावरच खेकसली. हसू नको तर काय करू? याहून मोठा घोटाळा आमच्या घरात निजामाच्या राज्यात झाला होता, आणि तो मीच केला होता.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. आम्ही नांदेडला राहायचो. मुरुडला दिलेली माझी आत्या दीड वर्षापासून आमच्याकडंच होती, कारण तिचे यजमान सत्याग्रहात धरले गेले होते आणि गुलबर्ग्याच्या तुरुंगात होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्या दीड वर्षात तिशीतल्या आत्याचं डोकं कपाळापासून पिकत गेलं. मामा सुटले, परवा दुपारच्या गाडीनं येतायत, अशी चिठ्ठी आली तशी ती आरसा घेऊन बसली. "वहिनी, हे ओळखतील का गं मला?" दिवसभर आईला एवढंच विचारून राहिली होती.

तोड शेजारच्या खालानं काढली. तिच्या घरी खिजाब, म्हणजे केसांचा कलप, ही नेहमीचीच गोष्ट. तिनं दोन पुड्या दिल्या, एक मेंदीची, दुसरी वसम्याची, म्हणजे निळीच्या पाल्याची. दोन्ही दिसायला हिरव्याच, म्हणून मेंदीला लाल दोरा बांधला आणि वसम्याला पांढरा. "पहले लाल, बाद में सफेद," असं मला तीनतीनदा बजावलं.

आणि मी दीडशहाणी! लाल दोरा बघितला आणि मला माझ्या भावलीची वेणी दिसायला लागली. दोन्ही दोरे सोडून घेतले. आईनं विचारलं, "आधीची पुडी कोणती गं?" मी बेधडक बोट दाखवलं.

आत्यानं डोकं धुतलं. पांढरे केस होते तिथं हिरवट-निळी झाक, आडावरच्या शेवाळासारखी. "अगं बया!" एवढंच आत्या म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मामा यायला एक दिवस राहिला होता. मी मुकाट भावली लपवली.

खाला धावत आली. "या अल्ला, उलटा कर दिये ना! पहले मेंदी बोली थी मैं!" पण बाई खंबीर. तिनं हिरव्या केसांवरच मेंदीचा जाड लेप थापला, वरून एरंडाची पानं बांधली आणि आत्याला उन्हात बसवलं. शिकेकाई नको, तेल नको, नुसत्या पाण्यानं धू, म्हणाली. मग केस तांबडे झाले, त्यावर वसमा. संध्याकाळीही रंग मळकटच दिसत होता. आत्या पुन्हा रडायला लागली, तर खाला म्हणाली, "सबर कर, हवा लगने दे." सकाळी बघतो तर काय, केस काळेभोर! मी तुळशीला नमस्कार केला.

दुपारी मामा आले. ओसरीवर टेकले, डोक्यावरची टोपी काढली. सगळं डोकं पांढरं. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या आत्याकडं बघून ते हसले. "तू हायेस तशीच. बरं झालं बाई, तुला काही काळजी न्हाई लागली. मीच म्हातारा होऊन आलो."

आत्या आत आली आणि चुलीपुढं बसून रडली. "वहिनी, ह्यांना वाटलं, मी इथं मजेत होते. माझं दीड वर्ष मीच पुसून टाकलं गं." मला वाटलं, माझी चूक खालानं निस्तरलीच नसती तर बरं झालं असतं.

महिन्यानं खाला पुन्हा पुड्या घेऊन आली, तर आत्यानं हात जोडून परत केल्या. मामा अजून आमच्याकडंच होते, तब्येत सुधारायची होती. आत्याच्या भांगाशी बोटभर पांढरं उगवलं होतं. एके सकाळी ती दारात बसून केस विंचरत होती. मामा बघतच राहिले, जवळ आले, भांगावर बोट ठेवलं.

"हे कधी गं?"

"तुम्हाला नेलं ना," आत्या म्हणाली, "त्याच महिन्यात."