रांजण नासला तेव्हा

देवगाव रंगारी सोडलं त्या सकाळी आईने माझे हात तीनदा धुतले. आधी राखेने, मग लिंबाच्या सालीने, शेवटी चुन्याच्या निवळीने. कोपरापर्यंत चढलेली नीळ काही केल्या जाईना. "शाळेत हात परकरात लपवत जा," एवढंच ती म्हणाली. मी नऊ वर्षांची होते. मोटार पिंपळाखाली येऊन उभी होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी पत्र्याची पेटी टपावर चढवण्याआधी पुन्हा उघडली आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक जड वस्तू सरकवली.

"हे घेऊन जा. इथं नको," ते म्हणाले. मग मोटार सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन, "आन् तिथं कमी बोलत जा."

आमच्या घरातून मला मिळालेला निरोप तेवढाच.

इरा, निहार, हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. इरा, गेल्या महिन्यात फोनवर तू माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्यास. कॉलेजच्या मासिकासाठी दोनशे शब्द, 'आजीचं इन्स्पिरेशन' या विषयावर. आणि माझा तो जुना लाकडी ठसा, टोरांटोच्या तुझ्या खोलीत ठेवायला. दोन्हींचं उत्तर एकच आहे आणि ते दोनशे शब्दांत मावत नाही. म्हणून क्रमाने लिहिते. मला क्रमाशिवाय लिहिता येत नाही, हे तुमचा बाबा सांगेलच.

आम्ही रंगारी. अंगणात निळीचे दोन रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते. नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं उकडलेलं बी घालून ते आंबवायचे. रांजण नीट असला की पाणी हिरवट-पिवळं दिसतं, वर तांब्याच्या रंगाची साय धरते. त्यात बुडवलेलं कापड हिरवं बाहेर येतं आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. नासला की पाणी काळं पडतं, कुजका वास सुटतो आणि कापडावर राखाडी ओघळ उठतात. मी पुढे इंग्रजी पुस्तकांतून यामागचं रसायनशास्त्र शिकले. अण्णांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की रांजण नासला की आवई उठवायची.

हसू नका. रंगाऱ्यांची ती रीतच होती. घरातल्या सगळ्यात धाकट्याने सकाळी विहिरीवर जायचं आणि एक मोठी थाप मारायची. ती गावाला खरी वाटली की रांजण सुधारतो, अशी समजूत. मी बोलायला लागण्याआधी थोरल्या भावाने एकदा सांगितलं होतं की वेरूळच्या दगडी हत्तीला रातोरात सोंड फुटली. तीन गाड्या भरून माणसं बघायला गेली आणि शिव्या घालत, हसत परत आली. "रंगाऱ्याचा रांजण नासला असंल!" असं म्हणून गाव अशा गोष्टी सोडून द्यायचा.

रीतीला दोन नियम होते. थापेत जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. आणि रांजण सुधारेपर्यंत, कुणी कितीही विचारलं तरी तो नासलाय हे कबूल करायचं नाही. कबूल केलं तर तो कायमचा गेला.

पोलीस ॲक्शनला जेमतेम महिना झाला होता. निजामाचं राज्य गेलं होतं, नवं अजून गावापर्यंत नीट पोचलं नव्हतं. मधल्या काळात खांद्यावर बंदुका टाकलेली माणसं गावोगाव फिरत होती. कुणाची, कुणी पाठवलेली, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. रझाकारांनी आधी जे केलं होतं त्याचा हिशेब ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्याकडून ती माणसं चुकता करत होती. आमच्या गावात अजून काही झालं नव्हतं.

त्याच दिवसांत थोरला रांजण नासला. अण्णांनी मला उठवलं. "शके, जा. काय बी सांग. माणसाचं नाव घिऊ नको."

शेजारी कासीमचाचा राहायचे. ते सागवानावर ठसे कोरायचे. अण्णांचे सगळे ठसे त्यांच्याच हातचे. त्यांची मुलगी जुबेदा माझ्याच वयाची. आदल्या दिवशी तिने नवी ओढणी आणून सगळ्या पोरींना दाखवली होती. मी हात लावायला गेले तर तिने ती मागे ओढली. "हट गे! माकडाचे हात तुझे, निळे निळे!" सगळ्या हसल्या होत्या. एवढंच झालं होतं. यापेक्षा मोठं कारण असतं तर मला सांगायला सोपं गेलं असतं.

विहिरीवर मी हत्ती सांगणार होते, वाघ सांगणार होते. जुबेदाची आई पाणी भरून नुकतीच गेली होती. मी म्हणाले, "जुबेदाच्या घरात माळ्यावर रझाकार लपलाय. म्या बघितला."

कुणी हसलं नाही. बायकांनी अर्धे भरलेले हंडे उचलले आणि घराकडे गेल्या.

दुपारी ती माणसं आली. सहा-सात होती, एकही गावातला नव्हता. त्यांनी माळ्यावरचं सगळं खाली फेकलं. माळ्यावर लाकडाच्या ओंडक्यांशिवाय काही नव्हतं. कासीमचाचांना ओसरीवरून दंडाला धरून खाली आणलं, तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर होता, हातात अर्धवट कोरलेला ठसा होता. आणि ते हसत होते. खरोखरच हसत होते.

"अरे बाबांनो, कुणाचा तरी रांजण नासला असंल! आमच्या गावात असंच चालतंय. या रंगाऱ्याला इचारा."

बंदूकवाल्यांतला म्होरक्या अण्णांकडे वळला. सगळा गाव तिथे उभा होता. अण्णांच्या मागे सोपान न्हावी होता, विशीतला. त्याने सकाळीच आमच्या अंगणात येऊन नाक दाबलं होतं, वास त्याला ठाऊक होता. सगळ्यांनाच ठाऊक होता.

"काय रे, तुझा रांजण नासलाय?"

अण्णांनी दोन्ही हात धोतराच्या सोग्यात घेतले.

"नाय जी. माझा रांजण झ्याक हाय."

चाचांचं हसू तिथे थांबलं. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं. माझं नाव घेणं त्यांना सोपं होतं; त्यांनी ते घेतलं नाही.

माळ्यावर कुणी सापडलं नाही याचा त्या माणसांनी एवढाच अर्थ लावला, की यानेच पळवून लावला. कन्नड गावाच्या वाटेने ते चाचांना घेऊन गेले. चाचा परत आले नाहीत. त्यांना शोधायला गावातून कुणी गेलं नाही, अण्णाही नाही. चार दिवसांनी जुबेदाची आई तिला घेऊन औरंगाबादला भावाकडे निघून गेली. तो भाऊ विणकर होता.

चाचांना नेलं त्याच दिवशी संध्याकाळी रांजण सुधारला. त्याला मी काय करू? अण्णांनी सकाळीच त्यात गूळ आणि चुना घातला होता, ऊन चांगलं पडलं होतं, पुस्तकाप्रमाणे तो सुधारणारच होता. कापड वर आलं आणि वाऱ्यावर असं निळं झालं, की तसा रंग मला पुढे आयुष्यभर साधला नाही. अण्णा म्हणाले, "साधला." आई म्हणाली, "जेवायला या." आणि आम्ही जेवलो.

महिन्याभराने मला औरंगाबादच्या औरंगपुऱ्यात मावशीकडे धाडलं. पेटीच्या तळाशी होती ती वस्तू म्हणजे चाचांच्या हातातला तो ठसा. ओसरीसमोर पडलेला अण्णांनी उचलला होता. जाळवेना आणि ठेववेना, म्हणून त्यांनी तो माझ्याबरोबर घालवून दिला.

इथे मी इंग्रजी शिकले, व्याकरण चुकू नये म्हणून कमी बोलायला शिकले, आणि लोक त्याला शिस्त म्हणू लागले. लग्न झालं, तुमचा बाबा झाला. मग वयाच्या पस्तिशीत मी मागच्या अंगणात निळीची पिंपं मांडली. लहानपणी हातावरून जो निघेना त्याच रंगाकडे मी आपण होऊन गेले. माझ्याकडे काचेच्या नळ्या होत्या, आम्लता मोजायच्या पट्ट्या होत्या. पिंप नासलं तर मी ओतून देई. कुणाला काही सांगत नसे.

कापडावर काय छापावं हे मात्र मला सुचत नव्हतं. एक दिवस पेटीतून तो ठसा काढला. उमललेलं कपाशीचं बोंड, चार पाकळ्यांचं. तीन पाकळ्या केसाएवढ्या रेघांनी कोरलेल्या. चौथी कोरायची राहून गेलेली, नुसतं सपाट लाकूड. रंग अडवायला चिखल आणि डिंकाचा लेप लावून तो छापला आणि कापड निळीत बुडवलं, की तीन नाजूक पाकळ्या उमटत आणि चौथ्या जागी कोरा पांढरा डाग राही.

तीच माझी 'स्टाइल' झाली. मुंबई झाली, दिल्ली झाली, लंडनची गॅलरी झाली. कॅटलॉगमध्ये त्या पांढऱ्या जागेवर पानं लिहिली गेली. मला विचारत, ही जागा रिकामी का? मी सांगे, अपूर्णतेचं सौंदर्य. निळा रंग कुठून आला? वेरूळच्या संध्याकाळच्या आकाशातून. ठसा कुणी कोरला हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माणसाचं नाव घ्यायचं नाही हा नियम मी उशिरा पाळायला लागले.

मग औरंगपुऱ्यातच प्रदर्शन भरलं. मी मुंबईच्या एका बाईंना अपूर्णतेचं सौंदर्य समजावत होते. पांढऱ्या ओढणीतली एक बाई कापडापाशी गेली आणि तिने त्या कोऱ्या डागावरून अंगठा फिरवला. मग वळून म्हणाली, "शकू, त्या दिवशी रांजण साधला व्हता का गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात पदराखाली घेतले.

"माफ करा, मी आपल्याला ओळखलं नाही."

"व्हय," जुबेदा म्हणाली. "तुझे अण्णा बी असंच बोलले व्हते. लई छान झालंय कापड." आणि ती गेली.

"वेडसर दिसते," मुंबईच्या बाई म्हणाल्या. मी हसले, इरा. मोठ्याने नाही, पण हसले.

तिचं घर मी तेव्हाच विचारून ठेवलं होतं. हर्सूलच्या रस्त्याला, रिक्षाने वीस मिनिटं. मी अकरा वर्षं गेले नाही. तू ठसा मागितलास तेव्हा गेले. तू तो भिंतीवर टांगशील, मैत्रिणींना दाखवशील, 'फॅमिलीचा आहे' म्हणशील, हे मला दिसलं.

जुबेदाने ठसा मांडीवर घेतला. सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी सुरुवात केली, पाठ करून गेले होते. तिने मला मध्येच तोडलं.

"आज काय नासलंय तुझ्या घरात, म्हणून खरं बोलाया आलीस?"

माझे हात पुन्हा पदराखाली गेले.

"मला कशाला सांगती? मला नऊ वर्षांची असल्यापासून ठाव हाय. ज्यांना सांगितलं व्हतं त्यांना सांग जा. मग ठसा आण." तिने तो माझ्या हातात परत दिला. "चहा घेऊन जा. साखर कमी घातलीय, आपली वयं झाली."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी देवगावला गेले. अण्णा-आई कधीच गेले, रांजण बुजवून तिथे मोटारसायकली लावतात. विहिरीपाशी पारावर पंधरा-वीस माणसं होती. मधे सोपान न्हावी बसलेला, ऐंशीच्या पुढचा. मी उभं राहून सगळं सांगितलं. मी खोटं बोलले होते. रांजण नासला होता. अण्णाही खोटं बोलले. कासीमचाचा निर्दोष होते.

सोपानने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत ओळख होती. मग तो बोळक्या तोंडाने हसला.

"शके, आज कुणाचा रांजण नासला गं?"

तरुण मुलांनी त्याचा अर्थ विचारला. त्याने सगळी रीत समजावून सांगितली, हत्तीच्या सोंडेसकट. मुलं पोट धरून हसली. "आज्जी, लई भारी!" एकाने माझा फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हर्सूलच्या रस्त्याला गेले. जुबेदा दारातच बसली होती.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"पटलं कुणाला?"

"नाही."

तिने हात पुढे केला. मी ठसा दिला. तिने तो ओढणीने पुसला.

"अब्बाचं बी पटलं नव्हतं," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. चहाला कुणी बोलावलं नाही.

म्हणून इरा, ठसा तुला मिळणार नाही. इन्स्पिरेशनच्या जागी लिही: कासीमचाचा, ठसे कोरणारे, देवगाव रंगारी. शब्द उरले तर कोरे ठेव.

तुमचा बाबा दर फोनला विचारतो, आई, एकटी का राहतेस, आता इकडेच ये. तिकडे तुमचं घर ऊबदार आहे, मी पाहिलं आहे. पण तिथे मला कुणीही ओळखत नाही, आणि ती सोय मी पुष्कळ उपभोगली. इथून वीस मिनिटांवर एक बाई आहे, जिला मी कोण ते पूर्ण माहीत आहे. ती मला यापुढे दारातून आत घेणार नाही. तरी या पृथ्वीवर मला घर म्हणण्यासारखं तेवढंच दार उरलं आहे, आणि मी त्याच्या जवळपास राहणार आहे.