माईच्या नावाचा दिवा

फ्लॉपीमामांना मी कधी घाईत पाहिलं नाही, आणि घाई नसलेल्या माणसांचा मला मनापासून राग येतो. मी या वृद्धाश्रमाची मोठी सिस्टर. माझा सगळा दिवस पळण्यात जातो. हा माणूस मात्र जिन्याखालच्या खोलीत स्टूल ओढून बसायचा, सर्व्हरचं झाकण काढायचा आणि कुणाची नाडी बघत असल्यासारखा आत बघत राहायचा.

त्यांच्या पिशवीत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. आमच्या मावशींनी तो एकदा आशेने उघडला, तर आत काळ्या चौकोनी फ्लॉप्या, प्रत्येकीला वेगळी प्लास्टिकची पिशवी. "अगं बाई, हे काय खायचं?" मावशी म्हणाल्या. तेव्हापासून त्यांचं नाव फ्लॉपीमामा पडलं. मामा स्वतः हसले नाहीत. "यातली नेमकी एक गेली ना मावशी, तर तुमच्या घंटा मुक्या होतील," एवढंच म्हणाले आणि डबा परत पिशवीत ठेवला.

या घंटा म्हणजे आमचा जीव. प्रत्येक पलंगाशी वायरीला लटकलेलं एक बटण असतं. ते दाबलं की बटणावर बारीक लाल दिवा लागतो, माझ्या टेबलासमोरच्या फलकावर मंद दिसणाऱ्या नावांतलं त्या माणसाचं नाव उजळतं आणि घंटा वाजते. फलकावर आम्ही कागदोपत्री नावं घालत नाही, हाक मारायची नावं घालतो. या सगळ्याचा मेंदू म्हणजे जिन्याखालचा तो सर्व्हर. त्यातली सिस्टिम इतकी जुनी आहे की बनवणाऱ्यांनीच तिच्यावर कधीचं पाणी सोडलंय, पण आमच्या घंटा दुसऱ्या कशावर चालत नाहीत. नव्या घंटांची मागणी वर गेलेली आहे. वर म्हणजे नेमकी कुठे, ते मला अजून कळलेलं नाही.

असे म्हातारे सर्व्हर चालते ठेवणं हाच मामांचा धंदा. त्यांनी मला एकदा सगळं समजावून सांगितलं होतं, मी न विचारता. आत दोन डिस्क असतात आणि त्या दोघींना सांभाळणारं एक कार्ड. कार्ड जे लिहील ते दोन्हींवर सारखंच लिहितं, म्हणजे एक गेली तरी दुसरी असते. पण कार्डाची भाषा जुन्या सिस्टिमला येत नाही. मध्ये दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणायचं, आणि तो राहतो फ्लॉपीत. सिस्टिम चढवताना अगदी सुरुवातीला पडद्याच्या तळाशी एक ओळ येते, की बाहेरचा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ-सिक्स दाबा. ती ओळ येते आणि जाते.

"तेवढ्यात शिंक आली की संपलं," मामा म्हणाले. "मग ते सगळं वाचून घेतं, बराच वेळ खातं, आणि शेवटी सांगतं की या यंत्रात डिस्कच नाही. डिस्क समोर गरगरतेय, हात लावला तर गरम लागते, आणि हे म्हणतंय नाही. खोटं बोलत नाही हो सिस्टर ते. त्याला खरंच दिसत नाही."

मामांचं आमच्याशी नातं कामापुरतं नव्हतं. त्यांची आई, माई, आमच्याकडेच होती, तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीत. ती गेली तेव्हा मामा उशाशी होते. पलंग हलवला, खोलीला कुलूप लावलं, आणि त्यानंतर दोन-तीन दुपारी फलकावर माईचं नाव लागलं. घंटा वाजली. आत कुणी नाही, बाहेर कुलूप. मावशींनी त्या बाजूला जायचं सोडलं. मामा आले, म्हणाले वायरीत ओल गेली असणार, आणि सिस्टिमला सांगून टाकलं की या लाइनवरून काहीही आलं तरी लक्ष द्यायचं नाही. बोलले शांतपणे, पण चेहरा पांढराफटक पडला होता. घंटा थांबली.

पुढे त्या खोलीच्या मधोमध भिंत घातली. एका भागात चादरी-उशांचं कोठार झालं आणि दुसऱ्यात अक्का आली. अक्का ही मामांची थोरली बहीण. मामांनी लग्न केलं नाही, घरात ही दोघंच. झटका आला आणि अक्काची वाचा गेली, अंगही गेलं. उजव्या हाताचा अंगठा आणि मान तेवढी राहिली. मामा दिवसभर गावोगावच्या मशिनींपाशी, घरी तिला पाणी कोण देणार? म्हणून इथे आणली. वायरमनने बटण बसवलं, तिच्या अंगठ्याखाली धरलं, लाल दिवा लागला, सगळ्यांनी माना डोलावल्या.

अक्काने कधी घंटा वाजवली नाही. मामा ते कौतुकाने सांगायचे. "बघा, आमच्या अक्काचा त्रास नाही." रोज संध्याकाळी येऊन पलंगाशी बसायचे, कुठल्या मशीनला काय झालं ते तिला सांगायचे. आणि अक्का रोज मान भिंतीकडे वळवायची. मामा उठून पलीकडच्या बाजूला जायचे, तर ती डोळे मिटून घ्यायची. आम्ही गेलो तरी तेच. "इथे ठेवलं म्हणून रुसलीय," ते मला म्हणायचे. "एकदा नुसतं बघितलं ना माझ्याकडे, तर मला पुरे आहे." हे ते इतक्या वेळा म्हणायचे की मी कामाचं निमित्त काढून सटकायची.

त्या दिवशी सकाळीच जिन्याखालून जळका वास आला. कार्ड गेलं होतं. फलक काळा. मी बोळाबोळात खुर्च्या टाकून मावशींना डोळ्यांत तेल घालून बसवलं आणि मामांना फोन केला. ते भंगारबाजारातून जवळजवळ तसंच कार्ड शोधून दुपारी आले.

"जवळजवळ म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे दुभाषा वेगळा." त्यांनी डब्यातून एक फ्लॉपी काढली, शर्टाला पुसली. त्या कार्डाचा ड्रायव्हर जगात आणखी कुठे असेल तर असो, आमच्याकडे तेवढ्या एकीत होता. पडदा निळा झाला, तळाशी ओळ आली, मामांचं बोट आधीच एफ-सिक्सवर होतं. फ्लॉपी खरखरली, अडली. मामांनी ती काढून फुंकर मारून परत घातली. मी कुठल्याही देवाचं नाव घ्यायला तयार होते. मग ती वाचली गेली.

चूक पुढे झाली, आणि ती त्यांच्या धंद्यातल्या माणसाकडूनच व्हावी. दोन डिस्कमधली कुठली धरून उठायचं, असं नव्या कार्डाने विचारलं. मामांनी हाताच्या सवयीने वरची दिली. वरची ती पहिली, असं त्यांचं आयुष्यभराचं चालत आलेलं. पण वरची डिस्क खाचेत सैल बसली होती. माई जिवंत असतानाच कधीतरी ती गळली होती आणि जुन्या कार्डाने तिला मुकाट्याने बाजूला टाकलं होतं. तेव्हापासून सगळं एकटी खालची ओढत होती. नव्या कार्डाला हा इतिहास कुठून ठाऊक असणार?

मी टेबलापाशी गेले तर फलक परत चालू झाला होता. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत नावं वाचली, आणि पुन्हा वरून वाचायला लागले. आप्पा. त्यांचे डोळे मी या हाताने मिटले होते. बंडूनाना. मोठ्या काकू. बारीक आवाजात गाणाऱ्या ताई. फलकभर गेलेली माणसं, आपापल्या पलंगांवर, ठीकठाक. आणि आत्ता ज्यांना मी जेवू घालून आले होते त्यांच्यातलं जवळजवळ कुणीच नव्हतं. बाहेर लख्ख ऊन होतं, सगळे दुपारचे पडले होते, कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

"मामा!" मी ओरडले.

ते आले, बघितलं, आणि त्यांना लगेच उमगलं. "जुनी डिस्क उठली," म्हणाले. "घाबरू नका. आत्ताचं सगळं खालच्या डिस्कवर आहे."

आम्ही जिन्याखाली गेलो. खालच्या डिस्कमधून टक्‌टक् येत होती. तिचंही भरत आलं होतं. त्या मापाची दुसरी डिस्क मिळणं शक्य नव्हतं, तेव्हा खालच्या डिस्कवरचं सगळं आजच्या आज वरच्या डिस्कवर उतरवायचं, तिच्यावरचं जुनं पुसून. कार्डाने पडद्यावर तेच विचारलं होतं, कुठून कुठे. मामांनी बाण फिरवला. आता फक्त एंटर.

तेवढ्यात घंटा वाजली.

मी बोळात डोकावले. फलकावर एकच नाव लागलं होतं. माई.

मामांनी हात मागे घेतला. घंटा थांबली, पुन्हा वाजली, थांबली, पुन्हा.

"ओल," मी म्हटलं. माझाच आवाज मला चिरका लागला.

"या दिवसांत?" मामा म्हणाले.

"मामा, माझी माणसं बिनघंटेची पडलीत. दाबा ते."

"सिस्टर, हे पुसलं की ती लाइन परत मुकी होणार. मीच केली होती." त्यांनी फलकाच्या दिशेने बोट केलं. "आणि आज ती बोलतेय."

"माई गेल्यात, मामा."

"मग वाजवतंय कोण?"

अडलं की मला चालायला लागल्याशिवाय राहवत नाही. मी कोठाराची किल्ली घेतली. मामा मागून आले. बोळातल्या मावशींनी आमच्याकडे बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

कोठाराचं दार उघडलं. डांबरगोळ्यांचा वास, घड्या घातलेल्या चादरींच्या राशी, खिडकी बंद. लांब माझ्या टेबलाशी घंटा वाजत होती. आम्ही दोघांनी मिळून कपाट सरकवलं. मागे माईच्या पलंगाची जागा होती, भिंतीवर तेलकट डोक्याचा डाग अजून होता. बटणाची चौकट होती, बटण नव्हतं. नुसती वायर होती आणि ती मधल्या भिंतीतल्या भोकात गेली होती.

मामांनी भिंतीला हात लावला. भिंतीतून बारीक आवाज आला. टक्. मग घंटा. टक्. मग घंटा.

"आई?" मामा म्हणाले. लहान मूल अंधारात हाक मारतं तसे.

माझं डोकं मात्र ठिकाणावर होतं. भिंतीच्या पलीकडे काय आहे ते मला ठाऊक होतं. मी मामांना दंडाला धरून बाहेर ओढलं, बोळातून वळवलं आणि शेजारचं दार ढकललं.

अक्का पलंगावर उताणी होती. पडदा अर्धा उघडा राहिला होता आणि दुपारचं ऊन, मान वळवूनही चुकणार नाही असं, थेट तिच्या डोळ्यांवर पडलं होतं. दोन्ही डोळ्यांतून पाण्याच्या धारा कानांपर्यंत गेल्या होत्या. उजव्या हाताचा अंगठा बटणावर होता. दाबत होती, सोडत होती, दाबत होती. लाल दिवा लागत होता, विझत होता.

वायरमनने वायर वाचवली होती. माईचीच, मामांनी मुकी केलेली लाइन भिंतीतून ओढून अक्काच्या बटणाला जोडली होती. सिस्टिममध्ये मात्र अक्काचं नाव एका कोऱ्या लाइनवर घातलं गेलं, जिच्या टोकाला काहीच नव्हतं. बटणावरचा दिवा तिथल्या तिथे लागतो, त्याला सर्व्हरचं देणंघेणं नसतं. ती आली त्या दिवसापासून बोलावत होती. दिवा लागायचा, म्हणजे निरोप गेला असं तिला वाटायचं, आणि कुणी यायचं नाही. मग कधीतरी आपल्या वेळेला आम्ही हसतमुखाने यायचो. ती तोंड फिरवेल नाही तर काय करेल?

मी पडदा ओढला. मामा दारातच उभे होते. अक्काने मान वळवली, आणि भिंतीकडे नाही, दाराकडे. घंटा दिली आणि माणूस आलं, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. ती मामांकडे बघत राहिली. इतके दिवस हेच हवं होतं त्यांना, आणि आता त्यांच्याने ते बघवेना. ते पलंगाशी खाली बसले, तिचा अंगठा कपाळाला लावला आणि ढसाढसा रडले. मलाही आवरलं नाही.

मग उठून ते जिन्याखाली गेले. एंटर दाबलं. संध्याकाळपर्यंत खालची डिस्क वरचीवर उतरत राहिली. मग मामांनी सर्व्हर परत उठवला. फलकावर माझी जिवंत माणसं आली. आप्पा नव्हते, काकू नव्हत्या, माई नव्हती. मामांनी माईची लाइन उघडली आणि तिच्यावर अक्काचं नाव घातलं.

एक गोष्ट मी त्यांना विचारली नाही. माई गेल्यावर त्या कुलूपबंद खोलीतून घंटा वाजली होती, तेव्हा मधली भिंत नव्हती आणि अक्का घरी धडधाकट होती. तेव्हा कोण होतं, ते मला माहीत नाही. कोठारात चादरी आणायला मी आता एकटी जात नाही.

मामा आता संध्याकाळी आले की अक्काजवळ बसतात, आणि ती बघते त्यांच्याकडे. दिवसभर मात्र तिची घंटा सतत चालू असते. मी धावत जाते. पडदा ओढलेला असतो, पाणी दिलेलं असतं, कूस बदललेली असते. "काय हवंय अक्का?" तिला काही नको असतं. मी दाराबाहेर पडते, बोळाच्या टोकाला पोहोचते, आणि पुन्हा तिचं नाव लागतं. कुणी येतं की नाही, एवढंच ती पाहत असते. मी परत फिरते.