मुंगीच्या कंबरेला दोन गाठी

मुंग्यांच्या या ग्रुपमधल्या जाणकारांनो, आज तुमच्यावरच लिहून राहिले.

सकाळी कुरुंद्यात आमच्या हळदीच्या वावरात एक राणी मुंगी सापडली. पंख झडलेले, पोट टपोरं. डबीत धरली, फोटो काढले आन इथं विचारलं, ही कोणती जात?

अ‍ॅडमिन साहेबांचं दोन मिनिटांत उत्तर आलं, "साधा डोंगळा आहे ताई. तुम्ही हळद बघा, मुंग्या आम्ही बघतो." खाली पन्नासजण हसले.

मला पटलं न्हाई. डबी घेऊन घड्याळं दुरुस्त करणाऱ्या रशीदचाचांकडं गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आन म्हणाले, "बेटा, कंबरेला गाठी दोन हायत. बराबर दोन."

डोंगळ्याच्या कंबरेला एकच गाठ असती, साहेब. हे तुमच्याच ग्रुपवर वाचलेलं. तसं लिहिलं, तर माझी कमेंटच उडवली!

जात अजून कळली न्हाई. राणीला होती तिथंच सोडून आले. चाचांनी मुंगी तरी पाहिली. तुमी माझं नाव वाचलं, गाव वाचलं आन उत्तर दिलं.

खरं सांगा, हसलेल्या पन्नासांपैकी एकानं तरी फोटो मोठा करून पाहिला होता काय?