आईने बदललेली बाटली

माझी आई मला मारायला निघाली होती, हे मी आजही तिच्या तोंडावर सांगते. ती म्हणते, "जीभ झडेल तुझी." झडू दे.

मला टाइप वन डायबिटीस शाळेत असतानाच झाला. माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, म्हणून मी रोज टोचून घेते. आणि कधी शुगर धाडकन खाली आली तर ताबडतोब साखर खावी लागते, नाहीतर शुद्ध जाते, जीवही जाऊ शकतो. एवढी साधी गोष्ट, पण लालबागमध्ये कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ. गणपतीत मोदकांचं ताट माझ्यापुढे आलं की आमच्या मजल्यावरच्या बायका एका सुरात ओरडतात, "तिला नको, तिला शुगर आहे!" त्यात सगळ्यात मोठा आवाज आईचा. घरात आम्ही दोघीच. बाबा गेल्यापासून माझ्या तोंडात काय जातंय ते बघणं हाच तिचा उद्योग.

चाळिशीत मी पळायला लागले. बारीक व्हायचं म्हणून नाही, "जपून गं, जपून गं" ऐकून कान किटले होते म्हणून. आधी परळपर्यंत, मग दादर, मग थेट वरळीला जाऊन परत. पळताना शुगर उतरते. म्हणून निघण्याआधी बोट टोचून बघायचं, इन्सुलिन कमी घ्यायचं, बाटलीत ग्लुकोजचं पाणी आणि कमरेच्या पाउचमध्ये लिमलेटच्या गोळ्या ठेवायच्या. डॉक्टरांनी गळ्यात कार्ड घालायला लावलं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'मला मधुमेह आहे' आणि खाली बारीक अक्षरांत 'चक्कर आल्यास साखर द्या'. आईला ही सगळी थेरं वाटायची. "चड्डी घालून रस्त्याने पळते आणि वर साखरपाणी ढोसते! कोण म्हणेल आजारी आहे?"

एका रविवारी वरळीहून परतताना शिवाजी पार्कपाशी माझे पाय लटपटायला लागले. अंगाला गार घाम सुटला. ही माझी ओळखीची लक्षणं, त्यामुळे घाबरले नाही. कट्ट्यावर बसले आणि अर्धी बाटली घटाघट प्यायले. गोड होतं. थोडं थांबले, तर काही फरक नाही, उलट समोरची झाडं डोलायला लागली. उरलेलीही प्यायले. पाउचमध्ये हात घातला, तर एकही गोळी नाही. तेव्हा मात्र माझी फाटली.

बाजूला सायकलवर चहावाला होता. "भैया, चाय दो, शक्कर जास्ती," मी कसंबसं म्हणाले. तिथे पांढरे बूट घातलेले एक काका चहा पीत उभे होते. त्यांनी वाकून माझं कार्ड वाचलं, म्हणजे फक्त मोठी अक्षरं.

"अरे, मत दे! डायबिटीस है इसको. शुगर बढ़ गया है."

चहावाल्याचा हात थांबला. काका माझ्याकडे वळून सांगायला लागले, मेथीदाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी अनशापोटी चावून खायचे. मी इथे मरतेय आणि हा बाबा मला मेथी सांगतोय! मी उठले, त्यांच्या हातातला ग्लास हिसकावला आणि त्यांचा उष्टा चहा घशात ओतला. जीभ पोळली. मग चहावाल्याच्या बरणीत हात घालून बिस्किटं कोंबली, बकाबक. काका "अहो बाई, अहो बाई" करत मागे सरकले. त्यांना मी भरल्या तोंडाने जी शिवी हासडली, ती इथे लिहिता येणार नाही.

हातपाय ताळ्यावर आल्यावर टॅक्सीने घरी आले. आई दारातच उभी.

"बाटली संपवलीस? गोड लागलं ना?" चेहऱ्यावर केवढं कौतुक! "तुझं ते ग्लुकोज ओतून दिलं मी, शुगर-फ्री घातलं. जिभेला गोड आणि शुगरही वाढायला नको. गोळ्या पण टाकून दिल्या."

मी दारातच किंचाळले. "आई, मी मेले असते!"

"साखर खाऊन कुणी वाचतं होय गं?"

"मी वाचते! मी!" सगळा मजला बाहेर आला. येऊ दे म्हटलं. "तुला मुलगी नकोय, तुला पेशंट हवाय!" ती रडायला लागली. मला जराही दया आली नाही.

त्याच दिवशी मी ग्लुकोज, साखर, बिस्किटं, सगळं माझ्या कपाटात टाकलं आणि कुलूप ठोकलं. आई माझ्याशी बोलेना. मलाही बरंच वाटलं. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, "तू घरातच पडलीस, तर मी ते कुलूप कसं उघडू? साखर कुठून घालू तुझ्या तोंडात?"

साखर घालू. इतक्या वर्षांत हे तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तिला जवळ घ्यावंसं वगैरे वाटलं नाही. उलट डोकं आणखीच फिरलं, हे कळायला मला मरायला टेकावं लागलं का? उठले आणि दुसरी चावी तिच्यापुढे आपटली.

तिने ती उचलली. "किती चमचे?"

"तीन," मी ओरडूनच सांगितलं. "पाण्यात विरघळवून. शुद्धीत असेन तरच. आणि शुगर उतरली की माझं डोकं ठिकाणावर नसतं, मी नको नको म्हणेन, भांडेन, हात झटकेन, तरी पाज."