होल्डताईंची सातवी गोष्ट

ब्लॉगांच्या दिवसांत माझी म्हणून जी एक आठवण गाजली, ती माझी नव्हती. हे आजवर मी कुणालाही तोंडानं सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती माझा ब्लॉग कधी वाचत नसे, "पक्ष्यांचं काय रोज रोज वाचायचं" म्हणायची, म्हणून मी सुटलो. वाचलं असतं तर पहिल्याच ओळीला तिनं विचारलं असतं की तुम्ही एकुलते एक, मग ही बहीण कुठून आणली?

आठवण होल्डताईंची होती.

त्यांचं खरं नाव लिहीत नाही. आम्हा ब्लॉगवाल्यांत त्या होल्डताईच होत्या, कारण त्यांच्या ब्लॉगचं नाव 'होल्ड करा' असं होतं. तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काढलेली बाई. निवृत्त होऊन नागपुरात प्रतापनगरला एकट्या राहत. समोर बसून बोलतानासुद्धा मध्येच तळहात वर करून "होल्ड कर" म्हणायच्या, आत जाऊन गॅस बंद करायच्या, दारावरच्या भाजीवाल्याशी भांडून यायच्या, आणि परत बसल्यावर तुमचा तुटलेला शब्द तुमच्या हातात ठेवायच्या. "हं, 'पण त्या दिवशी' इथं होतास तू. बोल." माणूस कुठं थांबला होता हे त्यांना बिनचूक आठवे. माझ्यासारख्या वाक्य अर्धं सोडणाऱ्याला याची भीतीच वाटायची.

मी तेव्हा पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. नकाशे काढायचे आणि रविवारी अंबाझरी तळ्यावर दुर्बीण घेऊन बसायचं. ब्लॉगवर 'पाणकावळा' या नावानं लिहीत असे. कुठला पक्षी दिसला, किती वाजता, चोच कशी. त्यात मी स्वतः कुठंच नसायचो. होल्डताईंची पहिली प्रतिक्रिया मला पाठ आहे: "पक्षी छान आहे. पाहणारा कोण आहे गा? का दुर्बीण आपोआप उडून राहिली?"

नव्या माणसाला पहिली प्रतिक्रिया त्यांचीच असे. कुणी कितीही सामान्य लिहो, त्यातली एक बरी ओळ शोधून तिच्याबद्दल विचारायच्या. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी पुढं लिहीत राहण्याचं कारण तेवढंच होतं, असं मला वाटतं.

त्यांना देवनागरी टाइप करायला जमत नसे, 'ण' काही केल्या यायचा नाही. म्हणून महिन्यातून एखाद्या रविवारी मी तळ्यावरून त्यांच्याकडे जायचो. त्या सांगायच्या, मी टाइप करायचो. बदल्यात सांभारवडी, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेली वडी, मिळायची. एकदा मी विचारलं, "ताई, इतकी वर्षं लोकांचे फोन ऐकले, त्यातलं काही लिहा की." त्या ताडकन म्हणाल्या, "ऐकले नाही, जोडले. जोडून दिलं का कान काढून घ्यायचा. थेच तर नोकरी होती. एकाचं दुसऱ्याले सांगतलं असतं तर अर्ध्या नागपुरात मारामाऱ्या झाल्या असत्या."

अशाच एका रविवारी वड्या तळून झाल्यावर त्या समोर येऊन बसल्या. मी सवयीनं बोटं चालवायला घेतली.

"हात काढ गा कीबोर्डावरून. हे टाइप करायचं नाही."

मग त्यांनी सांगितलं. भिवापूरचं घर. वडील मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे जिथं बाया बसून मिरचीचे देठ खुडतात तिथं, मुकादम. थोरली बहीण माई गावातली मॅट्रिकला बसणारी दुसरीच मुलगी. पास झाली की नागपूरला शिकायला जाणार, हे ठरलेलं. होल्डताई नऊ वर्षांच्या. माईच्या कुशीत झोपणाऱ्या, माईच्याच हातून वेणी घालून घेणाऱ्या. माईचं हॉल तिकीट आलं. परीक्षेच्या दोन दिवस आधी त्यांनी ते पुस्तकातून काढलं आणि सातऱ्यावरच्या एका भरल्या पोत्यात, मिरचीच्या आत, कोपरापर्यंत हात घालून खोल खुपसलं. माई जाऊ नये, एवढंच डोक्यात. दुसऱ्या दिवशी पोती शिवून गाडीवर चढली आणि गेली.

घरभर शोधाशोध झाली. हेडमास्तर म्हणत होते, "मुलीला आणा केंद्रावर, मी बोलतो." पण वडिलांना बहुधा निमित्तच हवं होतं. "कागद सांभाळता येत नाही, थे परीक्षा काय देईन?" त्याच उन्हाळ्यात माईचं गावातच लग्न झालं.

"तिकीट शोधून राहिले होते, त्या दिवशी मी लय रडली," ताई म्हणाल्या. "सगळ्यायले वाटलं, माईसाठी रडून राहिली. मी त्याच हातानं डोळे चोळले होते. माया डोळ्यात मिरची गेली होती."

मग त्यांनी वड्यांची ताटली माझ्याकडे सरकवली. "माई अजून म्हणते, माझ्याच हातून हरवलं. बावन्न वेळा तोंडाशी आलं माया. जायच्या आधी एकदा सांगीन तिले. तुले काहून सांगतलं, मलेच नाही समजत. तू बोलत नाहीस म्हणून असन."

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्यात 'खो' आला.

ज्यांनी त्या काळात ब्लॉग लिहिले त्यांना हा खेळ आठवत असेल. स्वतःबद्दलच्या सात गोष्टी लिहायच्या, वाटेल त्या. मात्र सातवी गोष्ट लहानपणची, आणि तोवर कुणाला न सांगितलेली असावी लागे. मग आणखी पाच जणांची नावं घेऊन त्यांना खो द्यायचा. कोण कुत्र्याला भितो, कुणी शाळेतून खडू चोरले, कोण अजूनही उशीखाली विळी ठेवून झोपतं, अशा गमतींनी महिनाभर नुसती धमाल चालली होती. खो नाकारायचा नाही, हा अलिखित नियम. मला खो कुणी दिला? होल्डताईंनीच. "बघू तरी पाणकावळ्याच्या पोटात काय आहे," असं लिहून.

सहा गोष्टी मी ओढूनताणून लिहिल्या. चहात साखर दीड चमचा, डावखुरा असून उजव्या हातानं जेवतो, असलं काहीतरी. सातवीला अडलो. लहानपण कन्हानला गेलं, वडील खाणीत. घरी जेवताना बोलायचं नाही अशी शिस्त होती आणि जेवणाशिवाय आम्ही एकत्र कधी बसत नव्हतो. सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही. होतं, पण ते सांगताना माझा आवाज कसा असेल हेच मला ठाऊक नव्हतं. नऊ दिवस गेले. लोक चिडवायला लागले, "पाणकावळा बुडाला वाटतं!" दहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, मी होल्डताईंची गोष्ट माझी म्हणून लिहिली. भिवापूरच्या जागी कुही टाकलं. नऊ वर्षांच्या मुलीच्या जागी नऊ वर्षांचा मुलगा. बाकी सगळं तेच. डोळ्यात मिरची गेल्याची ओळ तर जशीच्या तशी, कारण तिच्याहून चांगली ओळ मला सुचणार नव्हती.

संध्याकाळपर्यंत चाळीसेक प्रतिक्रिया आल्या. मला कधी सातपेक्षा जास्त आलेल्या नव्हत्या. लोक म्हणत होते, एवढं प्रामाणिक या खेळात कुणीच लिहिलं नाही.

होल्डताईंची प्रतिक्रिया नव्हती. चौथ्या दिवशी फोन आला.

"काहून गा?"

मी म्हटलं, "ताई, तुमचं नाव कुठंच येऊ दिलं नाही मी. गावसुद्धा बदललं."

"नावाचं नाही रे बाबा. थे मले माईले सांगायचं होतं. आता मी सांगीन, तर शिळं होऊन गेलं नं."

"काढून टाकतो. उद्याच काढतो."

"काढजो," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर कदाचित मी काढलं असतं.

काढलं नाही. आधी वाटलं, एकदम काढलं तर लोक विचारतील. मग कुणीतरी ते ब्लॉगवाल्यांच्या दिवाळी अंकात घेतलं. मग ते माझंच झालं. खरं सांगायचं तर काही दिवस मला ती बहीण दिसायलाही लागली होती.

दीडेक वर्षानं माई आजारी पडल्या. ताईंनी फोन उचलला, ठेवला, असं बरेचदा झालं असणार. शेवटी त्यांनी ब्लॉगवर लिहिलं, आणि 'ण'सकट सगळं स्वतः टाइप केलं. मला बोलावलं नाही. सुरुवात अशी होती: "आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले. हा एक मला जोडता येत नाही, म्हणून लिहिते. माई, तुझं हॉल तिकीट मी लपवलं होतं." माईंची नात त्यांना कॉम्प्युटरवर वाचून दाखवायची. ते तिच्याकडूनच त्यांच्या कानावर जावं, अशी योजना.

तासाभरात पहिली प्रतिक्रिया पडली. आमच्यातल्याच एकानं माझ्या लेखाचा दुवा डकवून लिहिलं होतं, "ताई, वयाचा मान ठेवून विचारतो, हे पाणकावळ्याचं नाही का? मिरचीची ओळसुद्धा तीच आहे." मग दुसरा, तिसरा. तारखा काढून दाखवल्या. ब्लॉगवर प्रत्येक लेखाच्या माथ्यावर तारीख असते, आणि आमच्या जगात पुरावा म्हणजे तीच. माझी तारीख दीड वर्ष जुनी होती.

ताईंचा फोन आला. "एक ओळ लिही गा. बस, एक ओळ. माईची नात सगळं वाचते, खालचंही वाचते."

मी "हो" म्हटलं. आणि लिहिली एक ओळ. "जाऊ द्या मित्रांनो, वाद नको. ताई मोठ्या आहेत."

ही ओळ लिहिणारा माणूस मला आजही कळत नाही. मला बाजू घ्यायची नव्हती. पण घ्यायला दुसरी बाजू होतीच कुठं? लोकांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. ताईंवरचा चोरीचा आळ त्या एका ओळीनं पक्का झाला.

माई भिवापुरात बसून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी बहिणीला फोन केला. ताईंनी मला तो पुढं एकदाच सांगितला, शब्द न् शब्द. "मले बरं वाटावं म्हणून तू लोकायची गोष्ट काहून उचलली वं? तिकीट माझ्याच हातून हरवलं. मले माहीत नाही का? असं खोटं नको बोलू. मी काही चिडली नाही तुयावर."

ताईंनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. माई हसून म्हणत, "बरं बरं, तूच घेतलं." लहान मुलीचं मन राखतात तसं.

'होल्ड करा' त्या आठवड्यात बंद झाला. उघडायला गेलं की पान नाही एवढंच दिसायचं. आठ वर्षांचं लिखाण होतं.

त्यानंतर एकदाच मी प्रतापनगरला गेलो. माफी मागायची म्हणून गेलो, आणि ताटलीत वड्या आल्यावर तळ्यावर यंदा बदकं कमी आहेत असं काहीतरी बोलत बसलो. त्यांनी बदकांची नीट चौकशी केली. मी चपला घालत असताना मात्र दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पाणकावळ्या, तुझ्या सात गोष्टीत एकतरी तुझी होती का गा?"

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "मला पोहता येत नाही, ताई. लहानपणी कन्हान नदीत बुडता बुडता वाचलो. वडिलांनी केसाला धरून काढलं आणि नंतर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. का बोलले नाहीत, ते मी कधी विचारलं नाही."

त्या हसायलाच लागल्या. पदरानं डोळे पुसेपर्यंत हसल्या. "पाणकावळा, आणि पोहता नाही येत! हे लिहायचं होतं नं मंग, येड्या! किती चांगली होती."

मी पुढं बोलायला हवं होतं. त्या वाट पाहत होत्या, हे मला कळलं होतं. मी "येतो" म्हणालो.

गेल्या वर्षी त्या गेल्या. जुन्या ब्लॉगवाल्यांचा आता व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, तिथं बातमी आली. कुणीतरी विचारलं, "कोण, त्या मिरचीच्या चोरीवाल्या का?" दुसऱ्यानं लिहिलं, "अरे, गेलेल्या माणसाबद्दल असं नको." त्याखाली मी हात जोडलेलं चित्र टाकलं. माझ्याआधी अकरा जणांनी टाकलं होतं, त्यांत माझं बारावं खपून गेलं.

आता त्या खोच्या लेखांचं पुस्तक निघतंय. "तुमची मिरचीची आठवण हवीच," असा संपादकांचा निरोप आला. तिच्याऐवजी मी त्यांना हे पाठवतो आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. माझी ती जुनी नोंद मी आजही काढलेली नाही. तिच्यावर फक्त 'ही गोष्ट होल्डताईंची आहे, मी चोरली' एवढं लिहून ठेवलं आहे. त्या जुन्या पानाकडे आता कुणी फिरकत नाही, म्हणून ते धैर्य झालं, हेही खरंच.

पण माई वाचत नाहीत. पंच्याऐंशीच्या घरात आहेत. डोळे गेले, नात लग्न होऊन गेली. भिवापूरला मुलाकडे असतात आणि, असं ऐकतो, आलागेल्याला अजून सांगतात की मी मॅट्रिकला बसले असते, पण माझ्याच वेंधळेपणानं हॉल तिकीट हरवलं.

ते त्यांनी हरवलं नव्हतं, आणि त्यांची बहीण खोटं बोलली नव्हती. नागपूरहून भिवापूर दीड-दोन तासांवर आहे. तिथं जाऊन, माझ्या तोंडानं, या दोन गोष्टी माईंना सांगणं माझ्याकडे बाकी आहे.