बांध मोडलेलं शेत

महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या टापूत माझ्या मामांइतका फुटबॉलवेडा माणूस झाला नाही, आणि फुटबॉल इतका कमी कळणारा क्लबमालक तर जगात कुठेच झाला नसेल. ऑफसाइड म्हणजे काय, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पंचांनी शिट्टी मारून आमचा गोल रद्द केला की ते धोतर सावरत मैदानात जात, हात जोडत आणि विचारत, "पोरगा पुढं गेला, हा काय त्याचा गुन्हा झाला?" पंच बिचारे समजावून सांगत. मामा मान डोलावून परत येत, आणि पुढच्या सामन्यात तोच प्रश्न घेऊन पुन्हा हजर होत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मामा पलटणीबरोबर इटलीपर्यंत जाऊन आले होते. बरोबरच्यांनी घड्याळं आणली, लोकरीच्या घोंगड्या आणल्या. मामांनी हा खेळ आणला. बिरवाडीच्या अलीकडे आमचं गाव. डोंगरउतारावर पायरीपायरीने उतरत गेलेली भातखाचरं, सपाट जागा म्हणायची तर देवळापुढचं अंगण तेवढं. मामांच्या वाट्याला नदीकाठची चार खाचरं आली होती, गावातली सगळ्यात कसदार. एका उन्हाळ्यात त्यांनी स्वतः कुदळ घेऊन त्यांचे मधले बांध फोडले आणि चारांचं एक करून टाकलं. त्यांचे सख्खे भाऊ, आमचे धाकटे मामा, शेजारच्या शेतातून बघत होते. त्यांनी विचारलं, आता पावसाचं पाणी थांबणार कुठं? मामा म्हणाले, "पाणी नाय थांबलं तरी पोरं थांबतील." आमच्याकडे मिसरूड फुटलं की पोरगा मुंबईच्या गिरणीची वाट धरतो, त्याबद्दल ते बोलत होते. धाकट्या मामांना ते पटलं नाही. त्या दिवसापासून ते त्या जमिनीत पाऊल टाकेनासे झाले आणि भावाशी बोलणंही कामापुरतंच उरलं.

आमच्या क्लबाला नाव असं नव्हतंच. बाहेरगावचे लोक 'मालकाची टीम' म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, मग ते नावच पडलं. मालकाची मालमत्ता म्हणजे गोलाचे सागवानी खांब आणि एक चेंडू. चेंडवाला उंदीर लागू नयेत म्हणून तो शिंक्यात ठेवलेला असे, आणि शिंक्यातलं दह्याचं मडकं खाली जमिनीवर. मामी आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या घरात शिंकं चेंडवाचं आणि दही मांजराचं." मामा दर शनिवारी चेंडवाला खोबरेल चोळत. आम्हां भाच्यांच्या डोक्याला त्यांनी कधी इतक्या मायेने तेल लावल्याचं मला आठवत नाही. खेळाडू निवडण्याची त्यांची रीतही त्यांचीच. मी तेव्हा महाडात एका कापडदुकानात होतो. मामा एकदा धोतरजोडी घ्यायला आले आणि माळ्यावरून फेकलेली कापडाची ठाणं मी खाली झेलतो आहे हे बघत उभे राहिले. धोतर राहिलं बाजूला, मी गोलकीपर झालो.

पण त्यांची खरी अडचण सामना जिंकल्यावर सुरू व्हायची. हरलेल्यांची तोंडं त्यांना बघवत नसत. पोलादपूरच्या टीमला आम्ही पहिल्यांदा हरवलं तेव्हा मालकांना खांद्यावर घ्यायला सगळे धावले, तर मालक जागेवर नाहीत. शोधलं, तेव्हा ते पोलादपूरकरांच्या घोळक्यात मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या कप्तानाचा मुरगळलेला घोटा चोळत होते. कप्तान इब्राहीम, लॉरीवर ड्रायव्हर होता. मामा त्याला अगदी मनापासून सांगत होते की तुझा तो शेवटचा फटका आत जायला हवा होता, पण काय करणार, आमचा भाचा आडवा आला. मग दोन्ही टीमांना घेऊन ते सवेला गेले आणि तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात सगळ्यांना पाय सोडून बसायला लावलं. त्या कढत पाण्यात कोण जिंकलं आणि कोण हरलं, हे थोड्या वेळाने कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मामा गेले ते माघातल्या एका रविवारी, पोलादपूरशी सामना असलेल्या दिवशी सकाळी. मैदानाच्या रेघा ते स्वतः आखत, चुलीतल्या चाळलेल्या राखेने. त्या दिवशीही घमेलं घेऊन उजाडताच गेले होते. तीन बाजू आखून झाल्या, चौथी अर्ध्यावर आली, आणि ते खाली बसले. शेजारच्या शेतात धाकटे मामा वालाच्या शेंगा तोडत होते. त्यांना वाटलं, दम खात असेल. थोड्या वेळाने पाहिलं तर ते आडवे झाले होते. धाकटे मामा बांध ओलांडून धावले. मी पोचलो तेव्हा ते भावाला एकट्याने उचलून घराकडे येत होते. त्यांच्या सदऱ्याला राख लागली होती. माझ्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "हाक मारली रे मी. उशिरा मारली."

निरोप धाडायचा कुणाला आणि कसा, हे सुचण्याआधीच पोलादपूरची लॉरी आली. पुढे झेंडूची माळ, वर ढोल वाजत होता. गावाच्या तोंडाशी आमच्यातल्या एकाने हात दाखवून ती थांबवली. ढोल मधेच बंद पडला. इब्राहीम खाली उतरला, त्याने ऐकलं, आणि आधी लॉरीची माळ सोडली. घरी येऊन त्याने धाकट्या मामांना विचारलं, आम्ही खांदा दिला तर चालेल ना? धाकट्या मामांनी त्याचा हात धरून त्याला आपल्यापुढे उभं केलं. नदीपर्यंत तिरडीला आळीपाळीने खांदे लागले. आपला कोण आणि पोलादपूरचा कोण, हे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही.

परत आलो तर मैदानाभोवती माणसं बसलेली. सामना बघायला निघालेल्यांना वाटेत कोण सांगणार? बिरवाडीहून, सवेहून, पार कापड्याहून लोक आले होते. इथे आल्यावर त्यांना कळलं, पण कळल्यावरही कुणी माघारी गेलं नव्हतं. राखेच्या रेघेबाहेर सगळे बसून होते. एरवी पंचांच्या सात पिढ्या उद्धरणारे एक म्हातारबुवा डोक्याचा रुमाल काढून मांडीवर घेऊन बसले होते. कुणीतरी हलकेच म्हणालं, "खेळा म्हणाले असते." त्यावर कुणी उठलं नाही. सामना सुटायच्या सुमाराला, उन्हं डोंगराआड गेल्यावर, लोक एकेक करून उठले आणि आपापल्या वाटेला लागले.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही खेळाडू मिळून मामीकडे गेलो. मैदानाला मामांचं नाव द्यायचं, दर माघात सामने भरवायचे, असं पुष्कळ ठरवून गेलो होतो. मामी दाराच्या आत बसली होती, धाकटे मामा पडवीत. तिने आमचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"नाव द्या," ती म्हणाली, "पण शेत मला लागंल रे. ते मोडलं तेव्हापास्नं या घरात भात पिकलं नाय. पावसात तुमचा खेळ बंद असायचा, तुम्ही आपापल्या घरी. ते कापड्याला जायचे, लोकांच्या शेतात लावणीला. मजुरीचं भात खांद्यावर मारून आणायचे. कुणाला बोलू नको म्हणायचे. पोरं मला मालक म्हणतात, म्हणायचे."

कुणाला वर बघवेना. त्या घरात मी कितीदा पोटभर जेवलो होतो. मामा पावसाळ्यात दिसत नसत तेव्हा आम्ही समजत होतो, सोयऱ्यांकडे गेले असतील. धाकटे मामा खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "मला तरी सांगायचं व्हतं त्याने." मग त्यांनी तोंड फिरवलं.

चैत्रात आम्ही बांध घातले. धाकटे मामा गडी लावणार होते, आम्ही लावू दिले नाहीत. इब्राहीमने लॉरीतून दगड आणले आणि त्याच्याबरोबर पोलादपूरची सगळी टीम उतरली. ढेकळं रचायची, वर माती चोपायची, मधे दगड बसवायचे. धाकटे मामा सांगतील तसं करत गेलो. इतकी वर्षं हे बांध व्हावेत म्हणून झुरणारा तो माणूस, पण गोलाचे खांब उपटायची वेळ आली तेव्हा पाणी पिऊन येतो म्हणून घराकडे गेला आणि खांब निघेपर्यंत परतला नाही. त्या पावसात चारही खाचरांत पाणी उभं राहिलं. आम्ही नंतर काही दिवस नदीच्या वाळूत खेळलो. मग एकेक जण मुंबईला गेला. कुणी भांडलं नाही, कुणी क्लब मोडला नाही, खेळायला पुरेसे उरलो नाही इतकंच.

पण त्याआधी, पहिलं भात झोडून झाल्यावर, मामीने आम्हां सगळ्यांना जेवायला बोलावलं. इब्राहीमलाही बोलावलं होतं. दुपारची वेळ, पडवीत पंगत बसली. नव्या तांदळाचा भात, वालाचं बिरडं. वाफ येत होती आणि कुणाचा हात पुढे होत नव्हता. मामी भाताचं पातेलं खाली ठेवून उंबऱ्यावर बसली. मैदानात ती कधी आली नव्हती.

"ते घरी आले की बोलत सुटायचे," ती म्हणाली. "कुणी कसा मारला, कुणी कसा अडवला. मी चुलीपाशी नुसती हूं हूं करायची. त्यातलं एक आठवत नाय आता. तुम्ही व्हतात ना तिथं? तुम्ही सांगा."

 इब्राहीमने सुरुवात केली. त्याच्या मुरगळलेल्या घोट्याची गोष्ट त्याने सांगितली. मग मी ठाणं झेलल्याची सांगितली, मग आणखी कुणी, मग एकाचं दुसऱ्याने खोडून काढलं, आणि धाकटे मामाही न राहवून मधे म्हणाले की भावाला पंचांपुढे हात जोडताना आपणही शेतातून पाहिलं होतं. मामी गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. कुणी थांबला की ती त्याच्याकडे वळून विचारायची, "मग?" आणि तो पुढचं सांगायचा.