पंधरा सेकंदांची साक्ष

माझ्या सासूबाई तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं, म्हणून लांब पल्ल्याच्या घोडदौडीत घोड्यांच्या हृदयाचे ठोके मोजायला जाऊ लागल्या. ऐंशी किलोमीटरच्या दौडीत दर टप्प्यानंतर तपासणी असते. वीस मिनिटांत ठोके मिनिटाला चौसष्टवर उतरले तरच घोडा पुढे सोडतात. सासूबाई म्हणायच्या, "पेशंट चांगला आहे. कुरकुरत नाही आणि सोबत नातेवाईकही आणत नाही."

एकदा त्यांनी सोडलेली तांबडी घोडी पुढच्याच टप्प्यात कोसळली. जीव वाचला, पण पाठीवर माणूस घेण्याजोगी राहिली नाही. घोडी स्वाराची नव्हती, दौडीपुरती मागून आणलेली. मालकिणीने त्याला कोर्टात खेचलं. त्याने तपासणीचं कार्ड पुढे केलं: ठोके चौसष्ट, खाली सासूबाईंची सही. घोडी तपासून सोडली, मग मी कसा अडकतो, असं त्याचं म्हणणं. साक्षीला सासूबाईंना त्यानेच बोलावलं.

आदल्या संध्याकाळी माझा नवरा म्हणाला, "आई, विचारतील तेवढंच सांग. तुझ्यावर काही येत नाही, दौडीच्या फॉर्मवरच लिहिलंय तसं."

सासूबाई मटार सोलत होत्या. "तुला कोणी विचारलं का?" एवढंच म्हणाल्या.

कोर्टात मी मागच्या बाकावर होते. स्वाराच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही चौसष्ट ठोके मोजलेत ना?"

"नाही. सोळा मोजले. पंधरा सेकंदांत. मग चारने गुणलं."

"म्हणजे चौसष्टच."

"सतरावा आला की नाही, याची मला खात्री नव्हती. सतरा म्हणजे अडुसष्ट, घोडी बाहेर. मागे रांग लागली होती. पूर्ण मिनिट मोजायला हवं होतं. मी मोजलं नाही."

वकिलाचा चेहरा उतरला. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मग जबाबदारी तुमची, असं म्हणता?"

"माझ्या वाट्याची माझी. मी तिच्याजवळ पंधरा सेकंद होते, हे स्वार तिच्या पाठीवर चार तास होते. त्यांचं त्यांनी सांगावं."

स्वार जागेवरून उठला. त्याने कबूल केलं, की तपासणीआधी घोडी दोनदा अडखळली होती, पाण्यालाही तोंड लावत नव्हती, आणि त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

कार्ड मिळालं म्हणून स्वाराची जबाबदारी संपत नाही, असा निकाल लागला. घाईच्या तपासणीबद्दल आयोजकांनाही दोषी धरलं. सासूबाईंवर काहीच आलं नाही, तरी तो हंगाम त्या घरी बसल्या. दर गुरुवारी मात्र दोन बस बदलून घोडीला बघून यायच्या. मालकीण आधी बोलायचीच नाही. महिन्याभराने तिने घोडी घासायचा खरारा त्यांच्या हातात दिला.

पुढच्या हंगामाआधी आयोजक बोलवायला घरी आले. "पूर्ण मिनिट मोजणार," सासूबाई म्हणाल्या, "रांग वेशीबाहेर गेली तरी." आता रांग लांबते, लोक वैतागतात, त्या ढिम्म हलत नाहीत.

गेल्या महिन्यात तोच स्वार दुसरा घोडा घेऊन आला. मुदत संपत आली होती आणि ठोके भरले सहासष्ट.

"परत मोजू?" सासूबाईंनी विचारलं.

"नको," म्हणत त्याने खोगीर उतरवलं.